चक्षु आणि भाव : पालि परंपरेतील दोन इंद्रिये व आजचे शरीरशास्त्र

खुद्दकपाठातील द्वत्तिंसाकार, म्हणजे शरीराच्या बत्तीस भागांची यादी, आपल्या बहुतेक उपासक-उपासिकांच्या परिचयाची आहे. केस, लोम, नखे, दात, त्वचा येथून आरंभ करून ती मांस, अस्थी, हृदय, यकृत, आतडी यांच्यावरून पित्त, कफ, रक्त, घाम यांच्यापर्यंत जाते. गेल्या वर्षावासात बोईसर येथील एका विहारात या यादीवर प्रस्तुत लेखकाचे व्याख्यान झाले. व्याख्यान संपल्यावर बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, यादीत अश्रू आहेत, पण डोळा नाही. असं का?” वीस-बावीस वर्षे ही यादी शिकवूनही हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता, हे येथे कबूल करणे बरे.

मुलीचे निरीक्षण अचूक होते. यादीत डोळा नाही. गर्भाशय किंवा अन्य जननेंद्रियही नाही. याचे कारण यादीच्या हेतूत शोधावे लागते. द्वत्तिंसाकार ही शरीररचनेची पोथी नाही. देहाविषयीची आसक्ती सुटावी म्हणून, मृतदेहातही दिसू शकतील अशा स्थूल भागांची ती उजळणी आहे. डोळा आणि स्त्रीत्व-पुरुषत्व यांचा विचार पालि परंपरेने दुसऱ्या ठिकाणी, अभिधम्मात केला. तेथे अठ्ठावीस प्रकारच्या रूपांत ‘चक्षुप्रसाद’ येतो आणि ‘भावरूप’ या नावाने स्त्रीन्द्रिय व पुरुषेन्द्रिय येतात. ही रूपे कर्मज मानली आहेत, आणि बावीस इंद्रियांच्या गणनेतही तिन्हींना स्थान आहे. म्हणजे पाहणे आणि प्रजनन या दोन क्रिया परंपरेने एका वर्गात बसविल्या.

हे सर्व त्या मुलीला सांगून झाले, तेव्हा तिच्या शेजारी बसलेल्या कुटुंबाने मला थांबवून घेतले. खरा प्रश्न पुढेच होता.

आजी, मुलगा, सून, दोन नाती आणि एक नातू असे ते कुटुंब. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. नातवाने आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला. परंतु नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्याला लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नाहीत असे आढळले आणि त्याला परत पाठविण्यात आले. वीजतारांच्या कामात तारेचा रंग चुकणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे तपासणीला दोष देता येत नाही. आजींचे म्हणणे मात्र निराळे होते. “आधी दोन मुली झाल्या, तेव्हाच मी म्हटलं होतं, हिच्या माहेरचंच काहीतरी आहे. आता मुलगा झाला तर तो असा. मागल्या जन्माचं कर्म, दुसरं काय?” सून खाली मान घालून बसली होती. वडिलांना वेगळीच शंका होती : आपण अणुऊर्जा केंद्राच्या जवळ राहतो, त्याचा तर हा परिणाम नसेल? आणि मोठी नात काहीच बोलत नव्हती. तिचे लग्न ठरत होते.

या एका घराच्या प्रश्नात दृष्टी आणि प्रजनन यांची गाठ पडली होती. तेव्हा दोन्ही क्रिया प्रथम परंपरेच्या व आधुनिक शास्त्राच्या नजरेने पाहून मग त्या घराकडे वळू.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गाच्या चौदाव्या परिच्छेदात डोळ्याचे दोन अर्थ केले आहेत. (धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली, पदव्युत्तर वर्गात आम्ही तीच वापरली.) पहिला ‘ससंभार चक्षु’, म्हणजे साहित्यासह डोळा : खाली खोबणीचे हाड, वर भुवईचे हाड, बाजूंना डोळ्याचे कोपरे, आत मेंदू, बाहेर पापण्यांचे केस, आणि यांच्यामध्ये स्नायुसूत्राने बांधलेला मांसपिंड. लोक ज्याला डोळा म्हणतात तो हाच. दुसरा ‘प्रसाद चक्षु’, म्हणजे ज्याला रूपाचा आघात जाणवतो तो संवेदनक्षम अंश. हा अंश काळ्या मंडलाच्या मध्यभागी, समोर उभ्या असलेल्या माणसाची आकृती जेथे उमटते तेथे असतो. सात कापसाच्या पदरांत तेल झिरपावे तसा तो डोळ्याची सात पटले व्यापून राहतो. आणि त्याचे प्रमाण उवेच्या डोक्याएवढे असते, असे आचार्य सांगतात. चार महाभूते त्याची सेवा करतात, जशा चार दाया राजपुत्राला धरतात, न्हाऊ घालतात, सजवितात आणि वारा घालतात.

समोरच्याची आकृती डोळ्यात दिसते हे निरीक्षण किती जुने आहे, याची साक्ष आपल्या भाषेतच आहे. डोळ्याच्या मध्यभागाला आपण ‘बाहुली’ म्हणतो ते याचमुळे. पण ती आकृती डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर पडलेले केवळ प्रतिबिंब असते. प्रत्यक्ष पाहण्याचे काम तेथे होत नाही. सुमारे २४ मिलिमीटर व्यासाच्या नेत्रगोलात प्रकाश पारपटलातून शिरतो, बाहुलीतून आत जातो, भिंगातून वळतो, काचेसारख्या पारदर्शक गरातून पुढे सरकतो आणि सर्वांत मागच्या दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा उमटवितो. या पडद्यात सुमारे बारा कोटी दंडपेशी व साठ लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी अंधूक प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. रंग आणि बारकावा शंकुपेशींचा. त्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, दीडएक मिलिमीटरच्या एका खळग्यात, दाटीवाटीने असतात. अक्षर वाचताना किंवा सुईत दोरा ओवताना आपण डोळा फिरवून प्रतिमा या खळग्यावर आणीत असतो.

हा खळगा आणि ‘उवेचे डोके’ यांची आकारमाने जवळची आहेत, हे पाहून आमच्यातील काही उत्साही मंडळी ‘आधुनिक शोध आमच्या ग्रंथांत पूर्वीच होता’ असे म्हणू लागतील. तसे म्हणू नये. आचार्यांनी तो अंश डोळ्याच्या दर्शनी भागात कल्पिला होता, तो निघाला पाठीमागच्या भिंतीवर. त्यांचे मोठेपण अन्यत्र आहे. दिसणारा डोळा आणि पाहण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी स्वच्छ मांडला. वरून निर्दोष दिसणारा डोळा पाहू शकत नाही, अशी उदाहरणे कोणत्याही नेत्रचिकित्सकाकडे रोज येतात. या मुलाचे डोळेही वरून निर्दोषच होते.

पाहणे घडते कसे? मज्झिमनिकायातील मधुपिंडिक सुत्तानुसार चक्षु, रूप आणि चक्षुविज्ञान या तिघांचा मेळ म्हणजे स्पर्श. महाहत्थिपदोपम सुत्तात हेच अधिक व्यवहारी रीतीने येते : डोळा अभंग हवा, रूप टप्प्यात यायला हवे आणि तद्नुरूप अवधान हवे. अभिधम्माच्या टीकाकारांनी यात प्रकाशाची भर घातली. आजचे शास्त्र येथे फारसे वेगळे बोलत नाही. दृष्टिपटलावर प्रकाश पडला की तेथील रंजकद्रव्याचा आकार बदलतो, त्यातून विद्युत्-संदेश निर्माण होतो, तो दृष्टिचेतेने मेंदूच्या मागील भागात पोहोचतो आणि तेथे ‘पाहणे’ पूर्ण होते. डोळा शाबूत असून मेंदूचा तो भाग दुखावला तर माणूस आंधळा होतो.

आता प्रजननाकडे वळू. महातण्हासंखय सुत्तात गर्भधारणेसाठीही तिघांचाच मेळ सांगितला आहे : माता-पित्यांचा संयोग, मातेचा ऋतुकाल आणि गंधब्बाची उपस्थिती. पाहणे आणि जन्म या दोन्ही घटना एकाच साच्यात मांडल्या आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्हीकडे एकटा कर्ता कोणी नाही. गंधब्ब म्हणजे काय, यावर पंडितांची मते भिन्न आहेत. तो विज्ञानप्रवाहाचा प्रश्न असल्याने शरीरशास्त्राला त्याबद्दल काही म्हणता येत नाही, आणि आपणही त्याच्या तोंडून काही वदवू नये. मात्र ऋतुकालाविषयी अट्ठकथेची समजूत, रजःस्राव थांबल्यानंतरचे लगतचे दिवस गर्भधारणेचे, आज टिकत नाही. अंडाशयातून बीज सुटते ते सामान्यतः पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस जिवंत राहते, तर शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. दोहोंचा संयोग गर्भाशयात न होता बीजवाहिनीत होतो. स्त्रीबीज एक दशांश मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढे. तरीही सस्तन प्राण्याचे बीज प्रथम पाहिले गेले ते १८२७ साली, कार्ल फॉन बेअर या शास्त्रज्ञाकडून.

संयोगानंतरच्या अवस्था संयुत्तनिकायातील इंदक सुत्तात क्रमाने आल्या आहेत : कलल, अब्बुद, पेसी, घन आणि मग हातपायांचे फुटवे. अट्ठकथाकार प्रत्येक अवस्थेला एकेक आठवडा देतात. पाचव्या आठवड्याच्या सुमारास हातपायांचे अंकुर फुटतात हे आजच्या भ्रूणशास्त्राशी बरेचसे जुळते. याहून मनोरंजक वाद कथावत्थूच्या चौदाव्या वर्गात आहे. सहाही आयतने गर्भात एकदमच उत्पन्न होतात, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. थेरवाद्यांचे उत्तर असे की आरंभी काया आणि मन एवढीच असतात. चक्षु आदी चार आयतने सत्त्याहत्तर दिवसांनंतर येतात. अभिधम्माच्या पद्धतीनुसार पहिल्याच क्षणी कायदशक, भावदशक आणि वत्थुदशक असे तीन रूपकलाप असतात. सारांश, स्त्री की पुरुष हे पहिल्या क्षणी ठरते, डोळा मात्र मागाहून येतो.

यांपैकी पहिला भाग आज सर्वमान्य आहे. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, २३ आईकडून व २३ वडिलांकडून. आईच्या बीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. वडिलांच्या शुक्रजंतूत एक्स किंवा वाय. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. लिंग गुणसूत्रांवर ठरते हे नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ मध्ये किड्यांच्या अभ्यासातून दाखविले. दुसऱ्या भागात परंपरा बरीच मागे राहिली. डोळ्याच्या खुणा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना फुगवट्यांच्या रूपाने दिसू लागतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास पापण्या मिटतात आणि सहाव्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा उघडतात. दृष्टिपटलाच्या त्या मधल्या खळग्याची वाढ तर जन्मानंतरही काही वर्षे चालू असते. म्हणजे ‘डोळा कोणत्या दिवशी येतो’ हा प्रश्नच नीट नाही. ‘एकदम नव्हे, क्रमाने’ हे थेरवाद्यांचे उत्तर तेवढे टिकते.

आता त्या घराकडे. आजींच्या पहिल्या आरोपाचे उत्तर वरच आले. दोन मुली झाल्या त्या वडिलांकडून दोन्ही वेळा एक्स गुणसूत्र आले म्हणून. सुनेच्या बीजात दुसरे काही असूच शकत नव्हते. हे ऐकून वडील जरा चमकले. मी लगेच म्हटले की यात त्यांचाही दोष नाही. कोणता शुक्रजंतू पोहोचेल हे कोणाच्या हाती नसते.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची. शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांची रंजकद्रव्ये स्थूलमानाने लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतात. निळ्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. लाल व हिरव्याची जनुके मात्र एक्स गुणसूत्राच्या टोकाशी एकमेकांना लागून आहेत आणि ती इतकी सारखी आहेत की बीज तयार होताना गुणसूत्रांची देवघेव होते त्या वेळी त्यांची सरमिसळ होऊ शकते. एखादे जनुक गळते, एखादे अर्धे-अर्धे जुळून संकरित होते. स्त्रीजवळ दोन एक्स असल्याने एक सदोष असले तरी दुसरे काम निभावते. ती स्वतः रंग नीट ओळखते आणि तिला काहीच कळत नाही. पुरुषाजवळ एकच एक्स. ते सदोष आले की रंगांधत्व आलेच. म्हणून हा दोष पुरुषांत पुष्कळ आणि स्त्रियांत विरळ आढळतो. सुनेला विचारले तेव्हा तिने हळू आवाजात सांगितले की तिच्या वडिलांना झाडावरची लाल मिरची हिरवीतून निवडता येत नसे. घरात त्यावर हसत असत.

तेव्हा जनुक सुनेकडून आले हे खरे. पण ते तिच्या हाती नव्हते, तिच्या वडिलांच्याही नव्हते. येथे आजींचा ‘कर्म’ हा शब्द पुढे येतो, आणि पालिच्या अभ्यासकाने त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. अट्ठकथांत पाच नियम सांगितले आहेत : ऋतुनियम, बीजनियम, कर्मनियम, चित्तनियम आणि धर्मनियम. ज्या बीजाचे त्याच जातीचे फळ, हा बीजनियम कर्मनियमाहून वेगळा मोजला आहे. त्याहून स्पष्ट असे संयुत्तनिकायातील सीवक सुत्त आहे. माणूस जे काही सुख-दुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, असे मानणाऱ्यांचे म्हणणे भगवंतांनी तेथे नाकारले आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे तेथे येतात. कर्म हे त्यांपैकी एक. चक्षुप्रसाद कर्मज आहे हे अभिधम्माचे मत मी वर दिलेच आहे, त्यामुळे येथे विरोध दिसेल. परंतु त्याच विसुद्धिमग्गात कर्मज चक्षूला ऋतु, चित्त आणि आहार यांचा आधार लागतो असेही म्हटले आहे. आणि अभिधम्म कर्माची चर्चा ज्याचे त्याने स्वतःच्या संदर्भात करण्यासाठी करतो. सुनेचे कर्म मोजण्याचे माप म्हणून ती कोणी दिलेली नाही.

ऋतु म्हणजे भोवतालची उष्णता, वातावरण. वडिलांच्या शंकेचे उत्तर या सदरात येते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली, तेव्हापासून ही शंका परिसरातील गावांत आहे. मिरची न ओळखणाऱ्या आजोबांचा दोष जन्मजात, आणि त्यांचा जन्म तर अणुभट्ट्यांच्या पुष्कळ आधी दूरच्या जिल्ह्यात झालेला. तेवढ्यावर या घरापुरती ती शंका मिटते. परंतु शंका अज्ञानातून आली म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. किरणोत्साराला शरीरात विशेष हळवे असलेल्या अवयवांत डोळ्याचे भिंग आणि जननग्रंथी ही दोन अग्रणी आहेत. भिंगाच्या कडेच्या पेशी जन्मभर विभागत असतात. दुखावलेल्या पेशींना बाहेर पडण्यास वाट नसल्याने त्या भिंगाच्या मागील बाजूस साचतात आणि मोतीबिंदू होतो. जननग्रंथींतही सतत विभागणाऱ्या पेशी असतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २०११ मध्ये कर्मचाऱ्यांच्या भिंगासाठीची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणण्याची शिफारस केली. सर्वसामान्य नागरिकांसाठी आपल्याकडील मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. निसर्गातून जगभर सरासरी २.४ मिळतोच. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत आनुवंशिक दोषांची वाढ सिद्ध झालेली नाही; त्या वेळी जी मुले गर्भात होती, विशेषतः आठ ते पंधरा आठवड्यांची, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूची वाढ मात्र खुंटली.

माझ्या मते वडिलांना खरी भीती अणुकेंद्रापेक्षा स्वतःच्या कामाच्या जागेची असावयास हवी. वसाहतीत आम्ले व अल्कली हाताळली जातात. आम्लापेक्षा कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली डोळ्याला अधिक घातक, कारण ती पेशींतील स्निग्धांश विरघळवीत पारपटलातून आत शिरत राहते. डोळ्यात काही उडाले तर प्रथम दवाखाना न शोधता तेथेच स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे, पापण्या उघड्या धरून, डोळा धुवावा आणि मग दवाखान्यात जावे. सुप्पारक जातकातील नावाडी खाऱ्या पाण्याने दोन्ही डोळे गमावूनही स्पर्शाने वस्तूंची पारख करीत असे. ती बोधिसत्त्वाची कथा आहे. कंत्राटी कामगाराला डोळे गेल्यावर तसे काम कोणी देत नाही.

आहाराविषयी थोडेच लिहितो. दंडपेशींतील रंजकद्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनते आणि गर्भाच्या अवयवांच्या घडणीलाही तेच लागते. त्याची उणीव झाली की प्रथम रातांधळेपणा येतो. गरोदरपणी तो येतो तेव्हा दोन जीवांची उपासमार चालू आहे असे समजावे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले तो हाच आपला जिल्हा, तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. शेवग्याचा पाला, माठ, अळू, पिकलेली पपई, लाल भोपळा येथे दुर्मिळ नाहीत. मात्र या जीवनसत्त्वाच्या गोळ्या गरोदर स्त्रीने मनाने घेऊ नयेत. त्याचा अतिरेकही गर्भाला विकृत करतो. रंगांधत्वावर आहाराचा उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे. आजींनी नातवाला गाजरे खाऊ घालण्यास आरंभ केला होता.

रंगांधत्वाचे पहिले शास्त्रीय वर्णन जॉन डाल्टनने १७९४ मध्ये केले, तेही स्वतःच्या डोळ्यांचे. आपल्या डोळ्यांतील द्रव निळा असावा, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासावेत अशी त्याने इच्छा सांगितली. १८४४ मध्ये तपासले, तर द्रव स्वच्छ होता. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या जनुकांची तपासणी १९९५ मध्ये झाली तेव्हा कळले की त्याला हिरव्याचे रंजकद्रव्यच नव्हते. ही गोष्ट मी त्या मुलाला सांगितली. अणुसिद्धांत मांडणारा माणूस आपल्यासारखाच होता, हे ऐकून तो प्रथमच हसला. पुढे त्याच्या दोषाची तीव्रता नेत्रतज्ज्ञाकडून मोजून घेतली. ती सौम्य निघाली. वीजतारांचे काम त्याने सोडले आहे आणि तो यंत्रजोडणीचे काम शिकत आहे.

याच जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन सुप्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरून काढला. याच बंदरातून बाहिय दारुचीरिय श्रावस्तीला गेला आणि पाहिले त्यात पाहण्यापलीकडचे आपले काही मिसळू नये, या आशयाचा उपदेश ऐकून मुक्त झाला, असे उदान सांगते. आजींना ही कथा ठाऊक होती. त्या काही बोलल्या नाहीत. उठताना सुनेच्या हातातील पिशवी तेवढी त्यांनी स्वतःकडे घेतली.

मोठी नात मात्र मागे थांबली. “सर, मग माझं काय? सासरी सांगावं की नाही?” तिच्या दोन एक्सपैकी एक वडिलांचे, ते निर्दोष. दुसरे आईचे, ते सदोष असण्याची शक्यता निम्मी. तसे असेल तरी तिला स्वतःला काही होणार नाही. मुलगी झाली तर, होणाऱ्या नवऱ्याला रंग नीट दिसत असल्यास, तिलाही त्रास नाही. मुलगा झाला तर प्रत्येक वेळी शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे आज, काहीच तपासलेले नसताना, तिच्या होणाऱ्या मुलग्याला रंगांधत्व असण्याची शक्यता चारांत एक. मी तिला कागदावर आकृती काढून दिली. सांगावे की नाही हे तिने ठरवायचे होते. कागद तिने घडी करून वहीत ठेवला.